ढोरांची खरूज, गोचीड आणि परसातले औषध

(आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा येथील बैठकीत केलेले भाषण)



बैठक म्हटली की कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, विजेचे बिल आणि बँकेचे कर्ज हे विषय ठरलेले. त्यात आज ढोरांच्या कातडीचा विषय कशाला, असे काहींना वाटत असेल. कारण सांगतो. हे आसगाव वैनगंगेच्या काठच्या चौरास पट्ट्यातले गाव. इथला शेतकरी धानाचा. तुमच्यापैकी बरेच जण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून आलेले. पीक वेगळे, जमीन वेगळी, पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर नाही त्याची शेती इथेही बैलाच्या खांद्यावर आहे आणि तिथेही. मृगाचा पाऊस पडला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत बैलाच्या मानेवर खरूज चिघळलेली असली तर जू ठेवता येत नाही. जोडीतला एक बैल बसला की दुसराही बसतो. भाड्याची जोडी शोधायला जावे तर ती गावात आधीच गुंतलेली. ओल उडून जाते. त्या वर्षी पीक कमी आले तर आपण पावसाला दोष देतो. पण कधी कधी तो दोष डोळ्यांना न दिसणाऱ्या एका किड्याचा असतो.

आम्ही ढोरांचे डॉक्टर नाही. शेतकरीच आहोत. म्हणून आज झाडपाल्याचे गुणगान करायला उभे नाही, आणि झाडपाल्याची टिंगल करायलाही नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की परसातले औषध हेही औषधच आहे. ते औषधासारखे वापरावे लागते. रोग ओळखून, माप धरून, दिवस मोजून आणि वहीत लिहून. तसे वापरले तर ते कामाला येते. नाही तर ते नुसते तेल चोपडणे होते.

आधी फवारणीची बाटली दूर ठेवा

पहिली गोष्ट कपाशीवाल्यांना सांगायची आहे. आपल्या घरात खरजेवरचे औषध नसते, पण फवारणीची उरलेली बाटली हमखास असते. गोचीड दिसली की तीच बाटली बादलीत ओतायची आणि फडक्याने बैलाला पुसून काढायचे, हा प्रकार गावोगाव चालतो. अळी मरते तर गोचीडही मरेल, हा त्यामागचा हिशेब. गोचीड मरतेही. पण त्याबरोबर काय होते ते पाहा.

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस या जातीची विषे कातडीतून रक्तात जातात. खरजेची कातडी तर फाटलेली, उघडी असते. तिथून विष आणखी वेगाने आत शिरते. शिवाय जनावर अंग चाटते. मग तोंडाला लाळ सुटते, पातळ संडास होते, अंगाचे मांस फडफडते, डोळ्याची बाहुली बारीक होते, धाप लागते. वासरू असेल तर हे पाहता पाहता घडते. असे झाले तर हातात काहीतरी घालून जनावर साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवून काढा, सावलीत बांधा आणि डॉक्टरला बोलवा. बाटली फेकू नका, ती त्यांना दाखवा. यावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन असते, पण ते वेळेत मिळाले तरच उपयोगाचे.

दुभत्या गाई-म्हशीला लावलेले विष दुधातून आपल्याच लेकराच्या पेल्यात येते. पुसणाऱ्याच्या हातातून आपल्याच अंगात जाते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. हे विष माणसाचे काय करते ते आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. पूर्वी ढोरांच्या अंगावर बीएचसीची पावडर सर्रास चोळत असत. त्या पावडरीवर १९९७ साली बंदी आली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. जे शेतातून हद्दपार करावे लागले, ते कोठ्यात आणण्यात शहाणपण नाही.

बोंडअळीने शिकवले तेच गोचीड शिकवते

जनावरांसाठी म्हणून वेगळी औषधे मिळतात, हे खरे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही त्यातली नेहमीची नावे. ही नावे कापूसवाल्यांना ओळखीची आहेत. याच कुळातली औषधे आपण बोंडअळीवर मारली. पहिल्या वर्षी अळी पटापट पडली. मग तेच औषध पुन्हा पुन्हा मारले. कधी पाणी जास्त, कधी औषध कमी. जी अळी वाचली तिची पिलावळ वाढली आणि तिला ते औषध पचू लागले. गुलाबी बोंडअळीने तर बीटी कपाशीलाही दाद दिली नाही, हे २०१७ च्या हंगामात विदर्भाने पाहिले.

गोचिडीचे अगदी तसेच झाले आहे. या औषधांना न जुमानणाऱ्या गोचिडी देशाच्या अनेक भागांत तपासणीत सापडल्या आहेत. मग शेतकरी काय करतो? दुप्पट औषध घालतो. गोचीड तशीच राहते आणि बैल आजारी पडतो. म्हणून एकाच बाटलीवर विसंबून राहणे कपाशीतही चुकीचे आणि कोठ्यातही चुकीचे. परसातल्या औषधाचे महत्त्व इथे आहे. ते फुकट मिळते म्हणून नव्हे. ते हातात असले म्हणजे विषारी औषधाची वेळ कमी येते, आणि जेव्हा खरोखर गरज लागते तेव्हा ते विषारी औषध चालते.

रोग ओळखल्याशिवाय औषध नाही

कातडीवर काही दिसले की आपण सरसकट 'खाज' म्हणतो. पण त्यात चार वेगळी कुळे आहेत.

खरूज. ही अतिशय बारीक किड्यांमुळे होते. एका जातीची मादी कातडीत बोगदा करून आत अंडी घालते. दुसरी जात कातडीच्या वर राहून चावे घेते. जनावर खांबाला अंग घासते, केस जातात, कातडी जाड होऊन तिला घड्या पडतात, वर खपल्या येतात. शेळीत बहुधा कान आणि तोंडापासून सुरुवात होते. गाई-बैलात मान आणि शेपटीचे मूळ पाहा. म्हशीला हिवाळ्यात जास्त होते. एकाची खरूज दुसऱ्या जनावराला लागते. धार काढणाऱ्याच्या हातालाही काही दिवस खाज सुटते.

गोचीड. ही डोळ्यांनी दिसते. कानाच्या आत, मानेच्या पोळीत, कासेजवळ, शेपटीखाली ती चिकटून बसते. रक्त पिऊन टम्म झालेली एक मादी अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास रक्त घेते असे धरा. दोनशे गोचिडी म्हणजे शंभर मिलिलिटर झाले. ढेप आपण बैलाला घालतो आणि जेवते गोचीड.

उवा. म्हशीच्या पाठीवर, वासराच्या मानेवर हिवाळ्यात दिसतात. केसांच्या मुळाशी लिखा असतात.

चौथे कूळ म्हणजे जे परजीवी किड्यांचे नाहीच. वासराच्या डोळ्याभोवती गोल, पांढरट, पिठूळ चट्टे असतात, ते गजकर्ण. ती बुरशी आहे. जू घासून खांदा सुजतो, ती खांदेसूज. घाणेरी, म्हणजे आपली टणटणी, जनावराने खाल्ली तर यकृत बिघडते आणि उन्हात अंगाचा पांढरा भाग भाजल्यासारखा होतो. आणि अंगभर गाठी, ताप, पायाला सूज असेल तर तो लम्पी. २०२२ साली लम्पीने महाराष्ट्रात हजारो जनावरे नेली. जनावरांचे बाजार बंद करावे लागले. लम्पी हा विषाणूचा रोग आहे. माशी, डास, गोचीड त्याचा प्रसार करतात, म्हणून कोठा स्वच्छ ठेवण्याचा फायदा होतो. पण लम्पीच्या गाठीला करंजाचे तेल चोळत बसणे म्हणजे वेळ घालवणे. तिथे लस आणि डॉक्टर.

शंका असेल तर दवाखान्यात कातडीची खरवड तपासून घ्या. खरवड चट्ट्याच्या मधोमध घ्यायची नसते. चट्ट्याच्या कडेची घ्यायची, जिथे रोग पुढे सरकत असतो. किंचित रक्त पुसटसे दिसेपर्यंत खरवडावे लागते. वरचा कोंडा नेला तर सूक्ष्मदर्शकात काही सापडत नाही आणि आपण म्हणतो, तपासणी खोटी.

दिवसांचा हिशेब

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 'आम्ही लावून पाहिले, दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा आले,' असे दर गावात ऐकू येते. झाडपाल्याच्या औषधाला बदनाम करणारे हेच वाक्य. पण इथे औषध कमी पडत नाही. दिवस कमी पडतात.

खरजेच्या किड्याचे अंडे तीन ते पाच दिवसांत फुटते आणि अंड्यापासून अंड्यापर्यंत त्याचे चक्र दोन ते तीन आठवड्यांत पुरे होते. आपण लावलेले तेल जिवंत किड्याला मारते, अंड्याला बहुधा मारत नाही. म्हणजे आज सगळे किडे मेले तरी पाच दिवसांनी नवी पिढी हजर. म्हणून तीन आठवडे औषध न सोडणे हा यातला कायदा आहे. चट्टा भरला, केस उगवू लागले, तरी तीन आठवडे.

गोचिडीचा हिशेब आणखी वेगळा. टम्म झालेली मादी जनावराच्या अंगावरून खाली पडते, भिंतीच्या भेगेत, शेणाच्या ढिगाखाली, कुटारात शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. म्हणजे अंगावरच्या गोचिडी हा फौजेचा एक हिस्सा. बाकीची फौज कोठ्यात आहे. नुसते अंग धुऊन भागत नाही.

आमच्या हाताखालची औषधे

खरजेसाठी करंजाचे तेल आणि गंधक. पाव लिटर करंजाच्या तेलात २५ ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी, म्हणजे दहा भागांना एक भाग, हे माप धरा. करंज नसेल तर कडुनिंबाचे तेल चालते. गंधक काष्ठौषधीच्या दुकानातला घ्या, फवारणीचा नको. गंधक ही काही वनस्पती नाही, पण खरजेवर ते माणसातही आणि ढोरातही फार जुने आणि खात्रीचे औषध आहे.

लावायची पद्धत अशी. आधी कोमट पाण्याने आणि रिठ्याने चट्टा भिजवा. खपल्या मऊ झाल्या की नरम ब्रशने काढा. त्या कोठ्यात टाकू नका, गोळा करून जाळा, कारण त्यात किडे आणि अंडी असतात. जागा कोरडी होऊ द्या. मग तेल चट्ट्याच्या बाहेर दोन बोटे निरोगी कातडी धरून, बाहेरून आत असे चोळा. पहिल्या दिवशी तळहाताएवढ्या जागेवरच लावा आणि एक दिवस पाहा. लाली, सूज नसेल तर पुढे जा. एक दिवसाआड लावा. रोग अंगभर असेल तर एका वेळी अंगाच्या तिसऱ्या हिश्शावरच तेल लावा. पूर्ण अंग तेलाने माखले तर उन्हाळ्यात जनावराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. तेल मुरेपर्यंत तोंडाला मुसके बांधा, म्हणजे ते चाटणार नाही.

गोचिडीसाठी फवारा. ही कृती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पशुपालकांसाठी प्रसिद्ध केलेली आहे. लसणाच्या १० पाकळ्या, कडुनिंबाचा पाला एक मूठ, निंबोळ्या एक मूठ, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला एक मूठ, तुळशीचा पाला एक मूठ. सगळे वाटायचे, एक लिटर पाण्यात कालवायचे, फडक्याने गाळायचे. ऊन असताना जनावराच्या सगळ्या अंगावर फवारायचे किंवा फडके बुडवून पुसायचे. उरलेले कोठ्याच्या भेगांत फवारायचे. आठवड्यातून एकदा, गोचीड जाईपर्यंत. यात दोन सूचना आमच्याकडून. एक, फवारा ताजा करा. कडुनिंबातला गुण उन्हाने आणि शिळेपणाने उतरतो. दोन, शेतात वापरलेला पंप यासाठी घेऊ नका. कितीही धुतला तरी त्यात विष राहते. आणि घाणेरीचा चोथा जनावराच्या तोंडी लागेल असा टाकू नका.

कडुनिंबाकडून विषाची अपेक्षा करू नका. तो किड्याला जागच्या जागी पाडत नाही. त्याचे खाणे कमी करतो, त्याची वाढ आणि कात टाकणे बिघडवतो. म्हणून फरक दिसायला वेळ लागतो. ज्याला संध्याकाळपर्यंत निकाल हवा असतो तो कडुनिंबाला नाव ठेवतो.

आता काय वापरू नये ते. सीताफळाचा पाला उवांसाठी चोळण्याची जुनी पद्धत आहे. पण बियांची पूड फार कडक. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, माणसाच्याही आणि ढोराच्याही. आम्ही ती वापरायला सांगत नाही. तंबाखूचे पाणी कातडीतून आत जाते, वासराला आणि शेळीला ते विष आहे. बिब्ब्याने कातडी भाजते आणि फोड येतात. ट्रॅक्टरचे जळके ऑइल हे तर औषधच नव्हे. त्यात शिशासारखे घातक धातू असू शकतात, ते कातडी जाळते आणि जनावराने चाटले तर पोटात जाते. रॉकेलचेही तेच.

कोठा हाही रोगी आहे

जनावराला औषध आणि कोठा तसाच, हे म्हणजे छप्पर गळत असताना फरशी पुसणे. ज्या दिवशी जनावराला औषध लावाल त्याच दिवशी कोठ्याचे काम काढा. शेण-मूत आणि जुने कुटार बाहेर. मातीची जमीन असेल तर वरचा थर खरवडून उन्हात टाका. भिंतीच्या भेगा मातीने आणि शेणाने बुजवा, वर चुना मारा. खुंटा, दावे, झूल, खरारा आणि जू हे सगळे उन्हात वाळवा. एका जनावराची झूल दुसऱ्याला घालू नका. कोठ्यात चार कोंबड्या फिरू द्या, त्या गोचिडी टिपून खातात. बाजारातून आणलेले जनावर थेट दावणीला बांधू नका. तीन आठवडे वेगळे बांधा, अंग तपासा, मग आत घ्या.

आणि हे काम एका घराने करून पुरत नाही. सगळ्या गावाची ढोरे एका गुराख्याच्या मागे एकाच रानात चरतात. एका घरच्या गोचिडी दुसऱ्या घरी जातात. मोहल्ल्यातली दहा घरे एकाच दिवशी करतील तर पदरात काही पडेल.

आपल्या देशी ढोरांची कातडी गोचिडीला तुलनेने दाद देत नाही, ही आपली जमेची बाजू. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ घ्या किंवा अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेली पूर्व विदर्भातली कठाणी घ्या. संकरित गाय दूध जास्त देते, पण गोचीडही तिच्यावर जास्त बसते आणि गोचिडीचा ताप तिला लवकर मारतो. ज्याच्या दारात संकरित गाय आहे त्याने आठवड्याला तपासणी केलीच पाहिजे.

डॉक्टर कधी बोलवायचा

परसातले औषध कातडीच्या वर काम करते. रक्तात शिरलेला रोग त्याच्या आवाक्यात नाही. गोचीड रक्तात ताप सोडते. जनावराला जोराचा ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, डोळ्याची आतली बाजू पांढरी, लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची, यातले एक जरी दिसले तरी त्या घडीला तेल खाली ठेवा. वासरू खात-पीत नसेल, खरूज अंगाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पसरली असेल, जखमेत अळ्या असतील, किंवा दोन आठवडे नीट औषध लावूनही चट्टा वाढत असेल, तरीही तेच. पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

डॉक्टर खरजेसाठी बहुधा आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात. ते जनावराच्या वजनावर मोजून, कातडीखाली द्यायचे असते. दुकानातून आणून अंदाजाने टोचू नका. दुभते जनावर असेल तर दूध किती दिवस वापरायचे नाही ते विचारून घ्या. आणि 'इंग्रजी औषध' म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी एक ऐकावे. हे औषध जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून आले. तो जीव शोधणारे सातोशी ओमुरा यांना आणि त्यावर काम करणारे विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळाले. मातीतले ते आणि झाडावरचे हे, दोन्ही निसर्गातलेच. फरक असा की त्याचे माप, त्याचे दिवस आणि त्याचे धोके कोणीतरी बसून तपासले आणि लिहिले. आमच्या करंजाच्या वाट्याला तेवढे लिहिणे आले नाही.

जे लिहिले ते टिकले

लिहिण्याची किंमत काय असते ते हळदीने दाखवले. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या घरातली प्रत्येक आजी हसली असती. पण पेटंट कचेरीत आजीचे हसणे पुरावा होत नाही. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील लेख पुढे ठेवला, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाच्या बुरशीनाशक गुणावरचे युरोपातले पेटंट २००० साली रद्द झाले आणि त्यावरचे अपील २००५ साली फेटाळले गेले. हळदीच्या वेळी कामाला आले ते कागदावरचे. नुसते तोंडी असलेले वाऱ्यावर गेले असते.

आपल्याच राज्यात पुण्याच्या 'अंतरा' या संस्थेने, जी पशुवैद्यक स्त्रियांनी १९९२ साली सुरू केली, गावोगावच्या पशुपालकांकडून आणि विशेषतः बायकांकडून ढोरांचे झाडपाल्याचे उपचार टिपून घेतले. हे ज्ञान बायकांकडे का सापडते? कारण वासरू, शेळी, कोंबडी यांचे आजारपण तीच काढते. बैठकीत बोलतो पुरुष, पण कोठ्यातला अनुभव तिचा. म्हणून आज मागे बसलेल्या मायबहिणींना आमचे सांगणे आहे, पुढच्या वेळी हा विषय तुम्ही मांडा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तुमच्या गावाची नोंदवही कोठे आहे ते विचारा. तिच्यात करंज कोणाच्या बांधावर आहे, वेखंड कोठे उगवते आणि कोणत्या घरी कशावर काय लावतात, हे आहे का ते पाहा. नसेल तर लिहायला लावा.

पण नोंदवहीच्याही आधी आपली घरची वही. औषध लावण्यापूर्वी जनावराच्या मानेखालची एक वीत जागा ठरवा आणि तिथल्या गोचिडी मोजा. तिसऱ्या दिवशी मोजा, सातव्या दिवशी मोजा. औषध न लावलेल्या एका जनावरावरही तशीच मोजा. खरूज असेल तर चट्टा सुतळीने मापा आणि सुतळीला गाठ मारून ठेवा. आठवड्याने पुन्हा मापा. पाच घरांनी असे केले तर आपल्याला कळेल की काय चालते आणि काय नुसतेच आपल्याला आवडते. औषध चालले नाही तर तेही लिहा. न चाललेल्या औषधाची नोंद चाललेल्या औषधाइतकीच मोलाची, कारण शेजाऱ्याचे तीन आठवडे वाचतात.

वर्षाचे काम

भाषण लांबले. आता वर्षाचा क्रम सांगून थांबतो. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करा, बिया वाळवून घाण्यावर तेल काढून घ्या. निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी पडतात, त्या सावलीत वाळवून पोत्यात ठेवा. मृगाच्या आधी एकदा कोठा झाडून, भेगा बुजवून चुना मारा. पावसाळ्यात दर आठवड्याला गोचीड पाहा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा हळद-तुपाने मळतो. त्या दिवशी हात खांद्यावर थांबवू नका. कानापासून शेपटीपर्यंत फिरवा, बोटाला लागेल तिथे केस बाजूला करून पाहा. वर्षभर राबणाऱ्याची तेवढी तपासणी त्याच दिवशी व्हायला पाहिजे. दिवाळीनंतर थंडी पडली की खरूज डोके वर काढते, तेव्हा म्हशी आणि शेळ्यांवर डोळा ठेवा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. तिच्यात निदान पाच जनावरे, लावलेले औषध, माप, तारीख आणि मोजणी एवढे असावे. भावाचे आकडे आपण इथे मांडतोच. त्या आकड्यांच्या शेजारी हे आकडेही मांडू.